चार नंबरच्या जिन्याची खुर्ची

पाहणीबाई तशी तरुण, तिशी अजून लांब होती, तेव्हा तिला अहोजाहो करत बसायचं कारण नाही. गृहमंडळाच्या कचेरीत ती नवीनच लागली होती. भाडं वाढलं, पाणीपट्टी वाढली, देखभालीचा खर्च वाढला की मंडळाच्या घरांत राहणारी माणसं मदतीसाठी अर्ज करत. अर्ज आला की त्या घरी जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि खरंच गरज आहे का ते लिहून आणायचं, एवढं तिचं काम. दुसऱ्याच्या घरात डोकावायचा पगार मिळतो हे कळल्यावर तिच्या आत्याने कपाळाला हात लावला होता. "हिचं नाक आधी घरात शिरायचं आणि मागून ही," आत्या म्हणाली, "आता तर त्या नाकाला ओळखपत्रही मिळालं!"

तर या नाकाला चार नंबरच्या जिन्याचा वास लागला. मंडळाच्या त्या लांबलचक इमारतीला जिने पुष्कळ, पण भाडं सगळ्यात जास्त थकलेलं ते चार नंबरच्या जिन्यात. आणि मदत मंजूर झालेली म्हणाल तर एकाही घराला नाही. आधीचे पाहणीकाका निवृत्त होईपर्यंत एकच शेरा मारत राहिले होते, घर सुस्थितीत, गरज दिसत नाही. "सोंगं आहेत सगळी," साहेब म्हणाले. "घरात थाट आहे, भाडं द्यायचं तेवढं जिवावर येतं." पाहणीबाईला हे काही पटेना. एखादं घर सोंग करेल, दोन करतील, पण अख्खा जिना? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे मुरतंय हे कळेपर्यंत तिला चैन पडणार नव्हतं.

नुसतं कुतूहल असतं तर ते एखाद वेळेस पुढच्या आठवड्यावरही ढकलता आलं असतं. पण त्या जिन्यात सगळ्यात वर दोघी बहिणी राहत होत्या. दोघी म्हाताऱ्या, दोघींनी लग्नं केली नव्हती. थोरलीने जन्मभर शिवणकाम केलं होतं आणि धाकटीने एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली होती. त्यांचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता. या खेपेला पुन्हा तसंच झालं तर महिनाअखेर त्यांचं घर जाणार होतं. मंडळाकडे शिल्लक होत्या त्या फक्त एकट्या माणसाच्या खोल्या, एक दवाखान्याशेजारी आणि दुसरी शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. म्हणजे एक बहीण इकडे, एक तिकडे. पाहणीबाईने कचेरीत बसून हे वाचलं, आणि या दोघींना मदत मिळायलाच हवी असं ठरवूनच ती त्या दिवशी निघाली. पण नियम नियमच. घरात जे दिसेल तेच लिहायचं, मनातलं नाही.

तिने खालून सुरुवात केली. पहिलं घर रंगाऱ्याचं. हा माणूस शिडीवरून पडल्यापासून अर्धाच दिवस काम करू शकत होता, असं अर्जात होतं. दार उघडलं आणि पाहणीबाई उंबऱ्यातच थबकली. समोर एक खुर्ची होती. खुर्ची कसली, सिंहासन! हिरवी मखमल, रुंद हात, डोक्याशी सोनेरी वेलबुट्टी. त्या खुर्चीपुढे बाकीचं घर अंग चोरून उभं होतं.

"बसा ना, बसा," रंगारी म्हणाला. त्याच्या बायकोने सोनेरी काठाच्या कपात चहा आणला.

पाहणीबाई बसली. बशी ठेवायला तिने खुर्चीचा डावा हात बघितला, तर तिथे लाकडावर वाटोळा काळा डाग होता, कुणीतरी कधीकाळी गरम भांडं टेकवल्यासारखा.

"खुर्ची छान आहे," ती म्हणाली. "कुठून घेतली?"

"सासऱ्यांनी दिली," रंगारी म्हणाला. त्याच्या बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. आपल्या वडिलांनी असं काही दिल्याचं ती बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती.

पाहणीबाईने कागदावर लिहिलं, 'बैठक उत्तम', आणि ते लिहिताना तिला स्वतःचाच राग आला. पण खोटं कसं लिहिणार?

बाहेर पडते तर जिन्यात एक सडसडीत म्हातारा उभा. अख्खा जिना त्याला मामा म्हणत असे, आणि मामाही अख्ख्या जगाला भाचरं समजत. "बाई, बरं झालं भेटलात," मामा म्हणाले. "हा नळ बघा. थेंब थेंब गळतो. आता थेंब म्हणजे काय, तुम्ही म्हणाल क्षुल्लक. पण थेंबे थेंबे तळे साचे, खरं की नाही?" मग नळ कधी गळायला लागला, कुणी दुरुस्त केला, त्याने दुरुस्त करून कसा आणखी बिघडवला, ही सगळी कथा मामांनी सांगितली. एवढा वेळ त्यांचा एक कान पाठीमागच्या भिंतीकडे लागलेला होता. भिंतीपलीकडे कुठेतरी धप्प असा आवाज झाला आणि मामांची कथा एकाएकी संपली. "चला, तुमचा खोळंबा नको," ते म्हणाले.

दुसरं घर होतं बेकरीत काम करणाऱ्या बाईचं. नवरा सोडून गेलेला, पदरी जुळी पोरं. दार उघडलं, आणि समोर हिरवी मखमल.

पाहणीबाईने आधी स्वतःलाच समजावलं, मंडळाने सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या वाटल्या असतील एखाद वर्षी. मग तिच्या मनात आलं, मंडळ? जे मंडळ गळका नळ बदलत नाही ते मखमल वाटेल? ती बसली. बसायची जागा ऊबदार होती, आताच कुणी उठून गेल्यासारखी. तिने हळूच डाव्या हाताकडे नजर टाकली. काळा डाग जागच्या जागी होता. चहा आला तोही सोनेरी काठाच्या कपात, आणि बशीचा तळ ओला होता.

"खुर्ची छान आहे. कुठून घेतली?"

"हप्त्यावर," बेकरीवाली म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की हप्ते भरणाऱ्या बाईला भाड्याची मदत कोण देणार? "म्हणजे फिटले हप्ते. कधीच फिटले," तिने घाईघाईने सांगितलं. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

पाहणीबाईला हसू आवरेना, आणि हसण्याच्या मागोमाग भीती वाटली. आता तिला दिसत होतं, पाहणीकाका दर वेळी काय बघून जात असतील ते. बिचाऱ्यांची नजर अधू होती आणि चौकसपणा त्याहून अधू. ते प्रत्येक घरात याच खुर्चीत बसले असणार, याच कपातला चहा प्यायले असणार आणि 'घर सुस्थितीत' असा शेरा मारून पुढे गेले असणार. पण खुर्ची जाते कुठून? पुढच्या जिन्यात तर ती स्वतः उभी होती. आणि का? मदत मागायची आणि मदत देणारा येताना श्रीमंती मांडून बसायचं, हा कुठला उरफाटा न्याय?

मामा बाहेर दुसऱ्या नळाशी तयारच होते.

"मामा," पाहणीबाई म्हणाली, "वरच्या दोघी बहिणींकडे जायच्या आधी मला कचेरीत एक फोन करायचा आहे. खाली अंगणात जाऊन करते. जरा वेळ लागेल."

"लागू द्या की, सावकाश करा!" मामांचा चेहरा खुलला.

ती खाली गेली, इमारतीला वळसा घातला आणि कचरा न्यायच्या मागच्या अरुंद जिन्याने वर निघाली. दुसऱ्या वळणावर तिला समोर पाठमोरे चार पाय दिसले. दोन रंगाऱ्याचे, दोन मामांचे. त्यांच्या डोक्यावर खुर्ची उलटी होऊन आढ्याकडे पाय करून बसली होती, आणि वळणावर ती अडकली होती.

"डावीकडून घे," मामा धापा टाकत म्हणत होते. "कठड्याला घासू नकोस. अरे, खालून कुणीतरी धरा रे जरा!"

पाहणीबाईने खालून धरलं. खुर्ची सुटली.

"शाबास," मामा म्हणाले आणि कोण आहे ते बघायला वळले.

रंगाऱ्याने खुर्ची खाली ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जणू आपल्याला बाई दिसत नसतील तर बाईंनाही आपण दिसत नसू. खुर्चीची पाठ पाहणीबाईकडे झाली होती. पाठीमागून ती सिंहासन नव्हतीच. नुसती कच्ची फळी, त्यावर ठोकलेले खिळे आणि लोंबणारं गोणपाट.

"नाटकातली आहे," मामा शेवटी म्हणाले. "मी नाटक कंपनीत सामान हलवायला होतो, बाई. पडदा पडला की अंधारात अख्खा दिवाणखाना उचलायचा आणि तिथे जंगल उभं करायचं. प्रेक्षकांनी सुपारी तोंडात टाकायच्या आत. कंपनी बुडाली तेव्हा पगाराच्या बदल्यात ही खुर्ची दिली. राजे बसलेत हिच्यावर."

"पण कशासाठी, मामा? मी तुमची गरज बघायला येते आणि तुम्ही मला राजाची खुर्ची दाखवता?"

मामा खुर्चीच्या हातावर बसले. "तुमच्या त्या काकांच्याही आधी एक साहेब येत. या जिन्यात आले तेव्हा कुणाकडेच बसायला धड काही नव्हतं. उभ्या उभ्या लिहिलं त्यांनी, आणि खाली अंगणात जाऊन मोठ्याने म्हणाले, जनावरंसुद्धा यांच्यापेक्षा बरी राहतात. सगळ्यांनी ऐकलं. पोरांनी ऐकलं. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा कुणी आलं तर चार नंबरच्या जिन्यात उभं राहणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"झाकलेल्या मुठीत कुणी काही ठेवू शकत नाही, मामा," पाहणीबाई म्हणाली. तिला त्या साहेबाचा संताप आला होता. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का, की या खुर्चीपायी सगळे अर्ज फेटाळले गेले?"

मामांनी रंगाऱ्याकडे पाहिलं, रंगाऱ्याने मामांकडे. दोघांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की कुणी सांगितलं नव्हतं. फेटाळल्याच्या पत्रात कारण लिहायची पद्धत मंडळात नव्हती. ओळखी लागतात, वशिला लागतो, असंच जिना धरून चालला होता.

"वरच्या दोघींचं घर..." मामा पुटपुटले.

"चला आधी वर," पाहणीबाई म्हणाली आणि तिने खुर्चीचा एक पाय धरला. खुर्ची तिथे ठेवून भागणार नव्हतं. जिना अडला होता.

वरच्या मजल्यावर मागचं दार धाकटीने उघडलं. "मामा, किती वेळ लावलात! त्या बाई येतील ना आता," ती म्हणाली, आणि मग खुर्चीमागच्या बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र तिला दिसलं.

त्या दारातून खोली पुरती दिसत होती. जमिनीवर एक लांबट चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होता, तिथे कधीतरी पलंग असणार. भिंतीशी दुसरा उजळ चौकोन, तिथे कपाट असणार. आता एक गुंडाळलेली गादी होती, भिंतीत एक फळी होती आणि शेगडीजवळ दोन कप होते. थोरली खिडकीशी उभी होती, अंगाने काठीसारखी आणि नजरेने त्याहून ताठ.

"बाहेर थांबा," ती पाहणीबाईला म्हणाली. "अजून मांडामांड व्हायची आहे."

"मी बघितलं, आजी."

"बघितलं ते विसरा. दार वाजवून पुढून या, खुर्चीत बसा, चहा घ्या आणि मग काय लिहायचं ते लिहा."

"खुर्ची आत असली तर मला खुर्ची लिहावी लागेल. ती लिहिली तर मदत मिळत नाही. मागच्या वेळी तसंच झालं. आणि या वेळी मिळाली नाही तर..."

थोरलीने एकदम हात वर केला. रागाने नव्हे. तिने डोळ्यांनी धाकटीकडे खूण केली आणि मान हलवली, अगदी थोडीशी. पाहणीबाईने जीभ चावली. म्हणजे धाकटीला माहीतच नव्हतं! थोरलीने सगळं ओझं एकटीने पोटात ठेवलं होतं आणि वरून ती इतकी ताठ उभी होती की वाटावं, हिला कशाचीच फिकीर नाही.

"तर काय मिळणार नाही ते न मिळो," थोरली मोठ्याने म्हणाली. "भीक म्हणून मला काही नको. मामा, ठेवा खुर्ची तिथे, खिडकीपाशी."

मामा जागचे हलेनात. शेवटी कानकोंडा झालेला रंगारीच पुढे झाला, आणि खिडकीपाशी जागा करायला त्याने कोपऱ्यातली एक कापडी पिशवी उचलली. "ही कुठे ठेवू?"

"कसली पिशवी?" थोरलीने विचारलं.

"माझी आहे," धाकटी म्हणाली. "असू दे तिथेच."

थोरलीने पिशवी घेतली आणि तोंड उघडलं. आत धाकटीचे कपडे होते, नीट घड्या घातलेले. तिचा चष्मा, तिचा कंगवा, तिची गोळ्यांची डबी.

"कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? ती लांबची खोली आहे ना, तिकडे." धाकटी अगदी साधेपणाने म्हणाली, जणू बाजारात जाऊन येते म्हणावं तसं. "मंडळाचा माणूस खाली मामांना सांगत होता, तेव्हा मी जिन्यातच होते. तुला सांगवत नव्हतं ते दिसत होतं मला. म्हटलं, तूच सांगायची वेळ यायला नको, आपण आधीच भरून ठेवावं. दवाखान्याजवळची तू घे. तुझे गुडघे दुखतात. मला काय धाड भरली आहे?"

थोरली तशीच उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. त्या साहेबाने जनावरं म्हटल्यापासून जी बाई कुणापुढे वाकली नव्हती ती हळूहळू गुंडाळलेल्या गादीवर खाली बसली. मग तिने मान वर केली.

"मामा, ती खुर्ची न्या इथून."

"नक्की?"

"न्या म्हटलं ना! जिन्यात ठेवा, रस्त्यात ठेवा, जाळा हवी तर." मग ती पाहणीबाईकडे वळली. "या बाई, आत या. घरात काही नाही. पलंग विकला, कपाट विकलं, मशीनसुद्धा विकलं. बसायचं तर खाली बसावं लागेल. चालेल?"

"चालेल," पाहणीबाई म्हणाली आणि त्या उजळ चौकोनावर मांडी घालून बसली. रडू येऊ नये म्हणून तिने पेनाचं टोपण उगाच दोनदा काढलं आणि लावलं.

रंगारी खुर्ची उचलता उचलता दारात घुटमळला. "बाई, आमच्याकडे पण परत याल का? खुर्ची नसताना?"

"येते. बेकरीवाल्या ताईंनाही सांगून ठेवा," ती म्हणाली, आणि रंगाऱ्याच्या कागदावरची 'बैठक उत्तम' तिने खोडून टाकली.

मदत पुढे मिळाली, हे इथेच सांगून टाकायला हरकत नाही, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. दोघींना मिळाली, रंगाऱ्याला आणि बेकरीवालीलाही मिळाली. साहेबांनी भुवया पुष्कळ चढवल्या, पण पाहणीबाईने त्यांना हात धरून तो जिना चढायला लावला. मात्र त्या दिवशी त्या खोलीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे पाहणीबाई एकेक प्रश्न विचारत होती, आणि थोरली उत्तरं देता देता पिशवीतले कपडे काढून भिंतीतल्या फळीवर स्वतःच्या कपड्यांशेजारी ठेवत होती.

"ताई, राहू दे गं," धाकटी म्हणाली. "अजून मंजूर कुठे झालंय? पुन्हा भरावं लागेल."

"नाही लागणार."

"आणि नाहीच दिली त्यांनी मदत तर?"

"तर त्या एका माणसाच्या खोलीत दोघी राहू. मोजायला येतील तेव्हा बघू," थोरली म्हणाली, आणि गोळ्यांची डबी फळीवर ठेवून तिने पाहणीबाईकडे बोट केलं. "हेसुद्धा लिहा."

पाहणीबाईने तेही लिहिलं.